शरद सरताना : पेणच्या हवेवर एक मनन

सावकाश वाचा. मधे थांबावंसं वाटलं तर थांबा.

पाठ ताठ ठेवा, खांदे सैल सोडा. श्वास येऊ द्या, जाऊ द्या. आता मनाने पेणच्या खारेपाटात या. तुळशीची लग्नं लागून गेली आहेत, कार्तिक संपत आला आहे. पूर्वेला सह्याद्रीची रांग, पश्चिमेला खाडी आणि मधे भाताची खाचरं. काही खाचरांत गरवं भात अजून उभं आहे. काहींत कापून वाळत टाकलं आहे. हळवं भात होतं तिथे नुसती धसकटं उरली आहेत. दिवस कलला आहे. बांधावर बसा.

आधी गेलेल्या पावसाकडे पाहू.

मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. पेणही त्याच पट्ट्यातलं. पण पाऊस गेला म्हणून थंडी लगेच येत नाही. आधी ऑक्टोबरची काहिली सोसावी लागते. वारा फिरलेला असतो. समुद्रावरून येणारा वारा मागे पडतो आणि घाटमाथ्यावरून खाली येणारा सुरू होतो. उतरताना ती हवा दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी तापते. दुपारचा खारा वारा उशिरा सुटतो, तोवर अंगाची लाही होते. एक ऋतू संपून दुसरा अजून आलेला नसतो, त्या मधल्या दिवसांचा हा ताप. आपल्याही आयुष्यात असे मधले दिवस येतात. तुमचे आठवा. त्यांच्यावर काही उपाय शोधू नका. ते होते, एवढंच मान्य करा.

एक श्वास.

आता खाचराच्या बांधाकडे नीट पाहा. एका जागी तो फोडलेला आहे. आषाढ-श्रावणात याच बांधावर किती राबणं झालं. खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवली, चिखल थापला, पाणी अडवून धरलं. दाणा पक्व होऊ लागला तशी त्याच हातांनी वाट करून दिली आणि पाणी निघून गेलं. त्या पाण्यावरच भात वाढलं होतं. तरी ते तसंच साचून राहिलं असतं, तर जमीन वेळेवर वाळली नसती, कापणी चिखलात करावी लागली असती. अडवण्याची वेळ होती, सोडण्याचीही वेळ आली. दोन्ही ओळखणारे हात एकच.

तुम्ही काय अडवून धरलं आहे, हे स्वतःला विचारा. उत्तर लगेच यायला हवं असं नाही.

सूर्य मावळला आहे. तळवा जमिनीवर टेकवा. दिवसभराची ऊब अजून तिथे आहे. इथून पुढे रात्रभर ती ऊब निघून जाईल. आकाशात ढग असते तर त्यांनी तिच्यातली बरीचशी परत खाली पाठवली असती. आज ढग नाहीत, हवाही कोरडी होत चालली आहे. मतलई वारा डोंगराकडून खाडीकडे हळूहळू सरकू लागला आहे.

थंडी उत्तरेकडून येते असं आपण म्हणतो, आणि ते खरंच आहे. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवेची प्रणाली, हिमालयावर बर्फ टाकून पुढे सरकतो. त्याच्या मागोमाग कोरडे, गार वारे मैदानांतून खाली येतात आणि त्यांची लाट कधी कधी कोकणापर्यंत पोचते. पण थंडीचा मोठा वाटा रोज रात्री इथलीच जमीन घडवते, आपली ऊब सोडून. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लडाखच्या वाळवंटात हेच टोकाला गेलेलं दिसतं. तिथली हवा इतकी कोरडी आणि विरळ, की दिवसा अंग भाजणारं ऊन आणि रात्री गोठवणारा गारठा. पेणला खाडी जवळ, हवेत ओल शिल्लक. म्हणून इथली थंडी सौम्य. किनारी भागात किमान तापमान १५ अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी कमी असलं, की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. इथल्या माणसाला तेवढ्यातच शेकोटी आठवते.

श्वास सोडताना थोडी ऊब नाकपुड्यांतून बाहेर जाते. तिच्याकडे लक्ष द्या. ती रोखून धरावीशी वाटत नाही, इतकं हे सोडणं सहज आहे.

आता पहाट. कापणी उरकलेल्या एका खाचरात वाल टोचलेला आहे. एक कोंब निवडा. दोन पानं उघडली आहेत, आणि पानाच्या कडेला दवाचा थेंब टेकला आहे. पान रात्री इतकं निवलं, की भोवतालच्या हवेतलं पाणी त्याच्यावर जमलं. जमिनीत उरलेली ओल आणि हे दव, एवढ्यावर वाल येतो. पौष-माघात याच्याच शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासोबत मडक्यात भरून पोपटी लागेल. थंडी टिकली तर आंबा मोहोरेल. रात्रीने ऊब सोडली, त्यावर हे सगळं उभं आहे.

मात्र हा ऋतू भरवशाचा नाही. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, ऐन कापणीच्या दिवसांत. वादळ नसलं तरी नुसतं मळभ दाटलं की जीव खालीवर होतो. कापलेलं भात भिजलं तर दाणा काळा पडतो, कोंब फुटतात. मोहोरावर तुडतुडे आणि भुरी येते. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत कच्च्या गणेशमूर्ती वाळता वाळत नाहीत.

अशा दिवसांचा अंदाज हवामान खातं चार रंगांत सांगतं. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. यातला कुठलाही रंग उद्याची हमी देत नाही. तो फक्त शक्यता सांगतो, आणि शहाण्याला तेवढी पुरते. शेतकरी पिवळा रंग पाहून कापणी सोडून देत नाही. आजच्या दिवसात उचलता येईल तेवढंच कापतो, भारे बांधतो, ताडपत्री हाताशी ठेवतो. एवढं केल्यावर ढग कुठे जातील याचा भार तो स्वतःवर घेत नाही.

मला वाटतं, श्रद्धा आणि सावधपणा एकाच माणसात कसे नांदतात, हे इथे शिकावं. पाणी सोडून दिलं म्हणून तो बेफिकीर झाला नाही. ताडपत्री आणली म्हणून भित्राही झाला नाही.

आता बांधावरून उठा. पुढच्या खेपेला हवामानाचा अंदाज वाचाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. यात माझ्या हातचं काम कोणतं? आणि मी उगाच धरून ठेवलेलं काय आहे? पहिल्याचं उत्तर मिळालं की ते काम दिवस मावळायच्या आत उरका. दुसऱ्याला बांध फोडून वाट करून द्या.