थेंब कोणाचा, आकडा कोणाचा?

माणसाच्या अंथरुणातलं विचारायचा हक्क कोणाला? हा विषय काढला की आपले कार्यकर्ते मान फिरवतात. म्हणतात, पुरुषाला पुरुष आवडणं हे मुंबईच्या पोटभरल्यांचं खूळ. आपल्याकडं गायरानाचा प्रश्न पेटलाय, भाकरीचा पेटलाय.

दोस्तांनो, १९३४ साल काढा. पुणे कराराला दोन वर्षंही झाली नव्हती. बाबासाहेबांच्या डोक्यावर ओझं काय कमी होतं? तरी र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा ते कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. गुन्हा काय, तर वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल विचारलं आणि कर्व्यांनी उत्तरं छापली. बाबासाहेबांचा मुद्दा सरळ होता : विकृती म्हणत असाल तर तीही ज्ञानानंच जाईल, आणि कुणाची ओढ उपजतच तशी असेल तर त्यात वाईट काय? खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड बसला. म्हणजे हे खूळ कुणा पोटभरल्याचं नाही, आपल्याच घरचं आहे.

आता विचारणारे बरेच झालेत. सरकारच्या २०१७ च्या एचआयव्ही पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत शंभरी २.६९ जणांना लागण दिसली. गरोदर बायांत ०.२८. जवळजवळ दहापट. हा आकडा निघाला कसा? माणसाची संमती घ्यायची, बोटाला सुई टोचायची, कागदावर थेंब घ्यायचा, त्यावर नंबर टाकायचा. नाव नाही. पण मग निकालही थेंबवाल्याकडं परत येत नाही. त्याला स्वतःचं कळायचं असेल तर दवाखान्यात वेगळी तपासणी. आकडा दिल्लीला गेला, माणूस रिकाम्या हातानं घरी.

ही चोरी म्हणायची का? जिनिंगात गठाणी ओढताना मी यावर लई डोकं घासलं. चोरी नाही म्हणता येत. २०१३ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं ३७७ कलम पुन्हा जिवंत केलं, ते ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत. त्या काळात नाव लिहिलं असतं तर तोच कागद पुरावा झाला असता. निनावीपण त्याची ढाल होती. पण ढालीनं पोट भरत नाही, की ताप उतरत नाही.

आपल्याला हे नवं नाही. इंग्रजाच्या राज्यात रिस्लेनं जातीजातीची नाकं मोजली. कुणाच्या भल्यासाठी? पुढं १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात बाबासाहेबांनी तीच नाकाची मापं उचलली आणि ब्राह्मण-अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ही थापच मोडली. मोजलेल्यानं मोजपट्टी हातात घेतली. मुंबईत १९९४ साली अशोक राव कवींनी हमसफर ट्रस्ट काढला, तो मला याच जातीचा वाटतो : ज्यांच्याबद्दल विचारायचं तेच विचारणारे झाले.

मुंबईत जमलं. आमच्या हिंगोलीत? अशा पाहण्या बहुतेक ठरलेल्या अड्ड्यांवर होतात. सेनगावकडचा एखादा गडी धरा. लग्न झालेलं, दोन लेकरं, वर्षातले सहा महिने ऊसतोडीला. तो कुठल्या अड्ड्यावर उभा राहणार? तो आकड्यात नाहीच. ताप हटेना म्हणून दवाखान्यात गेला, तर विचारतात, "बाहेरच्या बायांकडं जातोस का?" तो म्हणतो, "न्हाई जी." खरंच बोलला! प्रश्न संपला. तो वाचला नाही, त्याची बायकोही वाचली नाही. तिला तर कुणी काहीच विचारलं नाही.

औषध २००४ पासून सरकारी दवाखान्यात फुकट आहे. रोग्याची माहिती गुप्त ठेवायचा कायदा २०१७ ला झाला. मग जिभेला कुलूप कुणी लावलं? आपण. गिरणीत चालणं जरा मऊ दिसलं की 'बायल्या' म्हणून शीळ घालणारे आपण, जयंतीच्या मिरवणुकीत तीच नक्कल करून हसणारे आपण. जातीवरून शिवी दिली की अंगावर धावतो, आणि ही शिवी आपल्याच तोंडात गोड लागते.

कुणी म्हणेल, आधी जात जाऊ द्या, मग हे बघू. त्या सेनगावच्या गड्याला किती वर्षं थांब म्हणायचं, तेही सांगा. बाबासाहेब थांबले नव्हते.

पुढच्या रविवारी विहारातल्या अभ्यासवर्गात मी कर्वे खटला वाचायला घेणार आहे. ज्यांना मान फिरवायची त्यांनी येऊन, समोर बसून फिरवावी.