तेल लावले आणि केस आले

पुरुषांच्या टकलावर कोणता उपाय लागू पडतो हा प्रश्न वैद्यकाचा वाटतो, पण मुळात तो प्रमाणाचा आहे: एखादी गोष्ट खरी आहे हे ठरवायचे कशावरून? संगमनेरच्या बाजारपेठेतल्या सलूनमध्ये कटिंग झाल्यावर कारागीर मागे आरसा धरतो, डोक्याच्या मध्यावरचा विरळ गोल गिऱ्हाइकाला दिसतो आणि सल्ले सुरू होतात. माक्याचे तेल, जास्वंद, कांद्याचा रस, वडाच्या पारंब्या. प्रत्येकामागे कोणा मेव्हण्याचा अनुभव उभा असतो: लावले आणि आले.

हा मेव्हणा बहुधा खोटे बोलत नसतो. टायफॉइड किंवा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात आणि पुढे काही महिन्यांत आपोआप भरून येतात. चाईचे चट्टेही पुष्कळदा वर्षभरात उपायावाचून भरतात. माणूस घाबरून तेल आणतो ते गळती ऐन भरात असताना. ती ओसरली की श्रेय बाटलीला. अशा निव्वळ योगायोगाला शास्त्रकारांनी काकतालीय न्याय म्हटले आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. आधी पाण्यावर संशय गेला, पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. त्या दिवसांत जो कोणी तेल विकत असेल, त्याची चांदी झाली असेल.

नैयायिक कारण ठरवताना अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही मागतात: एक असेल तर दुसरे असते, नसेल तर नसते. मेव्हण्याकडे फक्त अन्वय आहे. टकलाच्या बाबतीत अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दोन्ही दाखवले. वयात येण्याआधी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हते. टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस विरळ होऊ लागले. आज औषधाच्या चाचणीत बहुधा निम्म्यांना औषध नसलेला निव्वळ द्रव देतात, तो याच व्यतिरेकासाठी. त्या निम्म्यांतलेही काही जण केस वाढल्याचे सांगतात, हे विसरू नये.

या कसोटीला मुख्यतः दोन औषधे उतरली. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर लव वाढू लागली, म्हणून ते डोक्याला लावून पाहिले गेले. अमेरिकेत टकलासाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली, दुसऱ्या औषधाला, फिनास्टराइडला, १९९७ मध्ये. बंद केले की कमावलेले केस काही महिन्यांत जातात. फार निष्ठुर व्यतिरेक, पण पुरावा पक्का. फिनास्टराइडने काहींच्या लैंगिक इच्छेवर परिणाम होतो, तेव्हा ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. माक्याचे तेल परंपरेने आले म्हणून खोटे ठरत नाही. वंशगत टकलावर ते तसे सिद्ध झालेले नाही, एवढेच.

उरते शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासू माणसाचा शब्द. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात परीक्षेचे चार मार्ग आहेत: आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान, युक्ती. आप्त म्हणजे रज-तमापासून मुक्त, खोटे बोलण्याचे कारणच नसलेला. नफा मोजणारा विक्रेता त्यात बसत नाही. भारताच्या औषध नियमांतील अनुसूची 'जे'मध्येही टक्कल आहे. या यादीतले रोग बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून उपायाचा निवाडा चार-सहा महिन्यांनी, एकाच जागी, एकाच उजेडात काढलेल्या फोटोंवरून करावा. पंधरा दिवसांचा दावा तिथेच सोडून द्यावा.