प्राध्यापकांचा कल : पोंभुर्ले ते राजापूर

प्राध्यापक मंडळी डावीकडे झुकलेली असतात, असा एक समज जगभर आहे. अमेरिकेत त्याची रीतसर मोजदाद झाली. लॅड आणि लिप्सेट या दोन अभ्यासकांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विषयवार उतरंडच लावून दाखवली: समाजशास्त्रवाले डावे, अभियांत्रिकी आणि शेतकीवाले उजवे, बाकीचे मधे कुठेतरी. नील ग्रॉस यांनी २०१३ मध्ये वेगळे कारण पुढे केले. हा पेशाच उदारमतवाद्यांचा म्हणून ओळखला जातो, म्हणून तशीच मुले त्याकडे वळतात, असे त्यांचे म्हणणे.

आपल्याकडे ही उतरंड टिकत नाही. समाजवादी मधू दंडवते पदार्थविज्ञान शिकवत. पुढे सरसंघचालक झालेले राजेंद्र सिंह आणि भाजपचे मुरली मनोहर जोशी हे दोघेही अलाहाबाद विद्यापीठात पदार्थविज्ञानच शिकवत. एकाच विषयातून इतक्या वेगवेगळ्या दिशा फुटत असतील, तर कारण विषयात शोधून उपयोग नाही. ते नेमणुकीच्या कागदावर शोधावे लागते, आणि त्यासाठी सिंधुदुर्गाइतकी सोयीची जागा नाही.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. त्याआधी दोनच वर्षे, ६ जानेवारी १८३२ रोजी, त्यांनी ‘दर्पण’ सुरू केले होते. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या श्रीपाद शेषाद्री या मुलाला १८४३ मध्ये प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे यासाठी ते उभे राहिले, तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावर आग पाखडली. माणूस भित्रा नव्हता. पण त्यांचे धाडस जातीच्या आणि धर्माच्या आखाड्यात चालले. ज्या सरकारचा पगार घेत, त्याच्याशी दोन हात करायला ते गेले नाहीत.

रामकृष्ण गोपाळ भांडारकर (जन्म मालवण, १८३७) यांच्यात हेच अधिक ठळक दिसते. प्रार्थना समाजाचे हे पुढारी. १८९१ मध्ये संमतिवयाच्या वादात टिळकांच्या विरुद्ध बाजूला उभे राहून त्यांनी धर्मशास्त्रातलीच वचने काढून दाखवली, आणि त्याच वर्षी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावला. पुण्यात राहून असे करणे म्हणजे काय, हे त्या काळचे पुणे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. असा माणूस कर्झनच्या विद्यापीठ विधेयकाच्या वेळी मात्र सरकारनियुक्त सभासद म्हणून सरकारच्या बाजूने बोलला. समोर विरोधात होते गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांनी उमेदीची वर्षे फर्ग्युसनमध्ये काढलेली, पंच्याहत्तर रुपयांच्या पगारावर. ती संस्था लोकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली. भांडारकरांची हयात सरकारी महाविद्यालयांत गेलेली. दोघांच्या विद्वत्तेत किंवा प्रामाणिकपणात फरक शोधण्याचे कारण नाही. कुणाच्या अंगणात उभे राहून बोलायचे, त्यावर कुणाशी भांडायचे हे ठरत होते, इतकेच. दादाभाई नौरोजींनीही एल्फिन्स्टनमधली गणिताची प्राध्यापकी सोडून १८५५ मध्ये लंडन गाठले. साम्राज्याच्या लुटीचा हिशेब त्यानंतरचा.

सरकारलाही हे कळत होते. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थी आणि शिक्षक दोघांनाही राजकारणापासून दूर राहायला बजावले, आणि न ऐकणाऱ्या संस्थांचे अनुदान बंद करण्याची धमकी दिली.

स्वातंत्र्यानंतर काही काळ एक वेगळीच मोकळीक मिळाली. सरकारी नोकराला निवडणूक लढवता येत नाही. खाजगी संस्थेतल्या प्राध्यापकाला येते. शिवाय घटनेच्या १७१ व्या कलमाने विधान परिषदेत पदवीधर आणि शिक्षकांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवलेले ग. प्र. प्रधान याच वाटेने अठरा वर्षे आमदार राहिले. दंडवते डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात होते. नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी तिथे सकाळचे वर्ग भरत. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेला माणूस परत येऊन तिथे प्रकाशाचे नियम शिकवू शकत होता. आज ही गोष्ट साधी वाटत नाही.

वेंगुर्ल्याच्या बॅरिस्टर नाथ पै यांच्या निधनानंतर १९७१ मध्ये राजापूर मतदारसंघाने दंडवत्यांना, या नगरच्या प्राध्यापकाला, निवडून दिले आणि तेव्हापासून सलग पाच वेळा दिले. यामागे नाथ पैंची पुण्याई होती, राष्ट्र सेवा दलाची शाखाशाखांतून झालेली मशागत होती, आणि मुंबईत गिरणीत राबून मनीऑर्डर पाठवणारा चाकरमानी होता. गावातला मतदार आणि मुंबईतला प्राध्यापक यांच्यातला दुवा तोच. आणीबाणीत दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात होते, तरी १९७७ ला मतदारसंघ हलला नाही. १९९१ मध्ये हलला. त्यानंतर तिथून लष्करातून आलेले सुधीर सावंत आणि मग सनदी लेखापाल सुरेश प्रभू गेले.

दरम्यान, दंडवते दिल्लीत असतानाच, प्राध्यापकीचा पाया बदलला होता. अनुदानित महाविद्यालयांचे पगार सरकारी तिजोरीतून येऊ लागले, वेतनश्रेणी सुधारल्या, आणि प्राध्यापक संघटनेची ताकद त्याच मागण्यांवर एकवटली. २०१३ मध्ये फेब्रुवारी ते मे परीक्षाकामावर बहिष्कार होता, तो थकबाकी आणि नेट-सेटच्या प्रश्नावर. मागण्या रास्त असतीलही. पण त्या डाव्या की उजव्या हा प्रश्नच तिथे गैरलागू होता. आता तर कित्येक जागा तासिका तत्त्वावर भरतात. ज्याची नेमणूक दर जूनमध्ये नव्याने व्हायची, आणि संस्थाचालक बहुधा कुठल्या ना कुठल्या पक्षाचा, त्याने चहाच्या टपरीवर काय मत मांडावे?

जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत कोकण शिक्षक मतदारसंघात शेतकरी कामगार पक्षाचे बाळाराम पाटील हरले, भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे जिंकले. डावा पक्ष हरला म्हणून शिक्षक उजवे झाले, असा अर्थ लगेच काढला गेला. त्या वेळी राज्यभरच्या शिक्षकांत सगळ्यात जास्त चर्चा होती ती जुन्या पेन्शनची.