जोडताऱ्यांचा मोजणीदार

फळाची इच्छा सोडली म्हणजे कामांतील आस्थाहि ढिली पडते, असा निष्काम कर्मावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. त्याचा विचार करतांना आम्हांस बर्नहॅम या अमेरिकन ज्योतिर्विदाचें स्मरण होतें.

शेरबर्न वेस्ली बर्नहॅम (१८३८–१९२१) हा शिकागोच्या न्यायालयांत लघुलेखक होता. दिवसा साक्षीपुरावे टिपावे, आणि रात्रीं घरामागील अंगणांत सहा इंची दुर्बिणीस डोळा लावावा, असा त्याचा क्रम असे. हर्शेल व स्ट्रूव्ह यांच्यामागें जोडतारे शोधण्याचें काम फारसें उरलेलें नाहीं, अशी त्या वेळीं समजूत होती. त्या लहान दुर्बिणीनें त्यानें सुमारें ४५० नवे जोडतारे शोधले! १९०६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सूचींत १३,६६५ जोड्या आहेत.

पण शोधाचा आनंद तरी हातोहात मिळतो. मोजणीचें तसें नाहीं. एका ताऱ्यापासून दुसरा किती अंतरावर व कोणत्या दिशेस दिसतो, हे दोन आकडे तारखेसह लिहून ठेवावयाचे, एवढेंच. एकट्या वेधाला अर्थ नाहीं. पिढ्यान् पिढ्यांचे वेध जमले म्हणजे कक्षा ठरते, आणि जोडीचें आपणांपासूनचें अंतर ठाऊक असल्यास त्यावरून ताऱ्यांचें वस्तुमान निघतें. पुनर्वसु नक्षत्रांतील कॅस्टरचे दोन तारे परस्परांभोंवतीं फिरतात, हें हर्शेलनें १८०३ सालीं दाखविलें. परंतु त्या फेरीस सुमारें साडेचारशें वर्षें लागतात. गॅलिलिओनें १६०९ सालीं आकाशाकडे दुर्बीण वळविली, तेव्हांपासून ती एकदांहि पुरी झालेली नाहीं!

मग अशा कामांत आस्था ढिली पडते काय? आमच्या मतें उलटच घडतें. ज्याचें फळ आज हातीं येतें, त्याची चूकहि आजच उघडी पडते व सुधारतां येते. येथें गणित करणारा अजून जन्मावयाचा आहे, आणि ती रात्र त्यास पुन्हां मिळणार नाहीं. तेव्हां आकडा चोख ठेवण्यास मोजणाऱ्याच्या सचोटीवांचून दुसरा पहारेकरी नाहीं. लघुलेखकास हें कदाचित् सोपें गेलें असेल. दुसऱ्याचें बोलणें आपल्या पदरचें कांहीं न घालतां उतरून घेण्याची त्यास संवयच होती.

तो विरक्त होता, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. नव्या जोडीचा लोभ त्यास पुरेपूर असावा. पण पुढें यर्कीझ वेधशाळेची ४० इंची दुर्बीण वापरावयास मिळाली, तेव्हांहि आठवडाभर कचेरी करून सुटीच्या रात्रीं तो तेथें जाई, आणि पुष्कळसा वेळ पूर्वीच मोजलेल्या जोड्या पुन्हां मोजण्यांत घालवी.