वेशीबाहेरची सून

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धर्मग्रामातील आजारी व वयोवृद्ध माणसांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी मी घरोघर जातो. अशाच एका घरी गेले वर्षभर माझे जाणे होत आहे. सभोवती केळीची वाडी, मागे बुजत चाललेले बावखल, आणि ओटीलगतच्या खोलीत खाटेवर एक आई. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिची उजवी बाजू तिची राहिलेली नाही. पती कधीच निवर्तले. कन्या धर्मभगिनी होऊन ईशान्य भारतात सेवा करते. एकुलता एक मुलगा आखातात नोकरीस होता; तो राजीनामा देऊन घरी परतला. आईला भरवणे, कूस बदलणे, अंग पुसणे, सारे तोच करतो.

त्याची पत्नी मात्र अजून आखातातच आहे. ती फिलिपिन्सची, व्यवसायाने परिचारिका. तिकडच्या चर्चमध्ये दोघांचे लग्न लागून पाच महिने होतात न होतात तोच आईला झटका आला. एकदा ती पर्यटक म्हणून येऊन गेली. दिवस मोजून दिलेले होते. ते संपले तशी सासूच्या पाया पडून परत गेली. रीतसर राहता यावे म्हणून तिने केलेला अर्ज एका अक्षरापायी परत आला. त्या अक्षराची हकिगत पुढे येईलच.

गेल्या पावसाळ्यात मुलाने मला ओटीवर थांबवून विचारले, "फादर, देवाने जे जोडले ते माणसाने तोडू नये असे तुम्हीच लग्नात सांगता. आणि आईबापांचा मान राखा हेही तुम्हीच सांगता. मी यातले कोणते मोडू तेवढे सांगा."

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र शिकवताना दोन कर्तव्यांमध्ये विरोध आला तर काय करावे याचे पाठ दिले होते. त्यांतला एकही मला त्या ओटीवर आठवला नाही. घरी आल्यावर मात्र प्रश्न पाठ सोडीना. त्याचे म्हणणे नीट तपासले तर ही दोन कर्तव्ये मुळात एकमेकांच्या विरोधात नाहीतच. ती स्त्री सासूच्या उशाशी येऊन बसायला तयार आहे. विरोध निर्माण झाला आहे तो मधल्या कुंपणामुळे. मग प्रश्न असा उरतो की ते कुंपण न्याय्य आहे काय?

आधी नियम पाहू. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला इथे येऊन राहायचे तर प्रवेश व्हिसा घ्यावा लागतो. मुक्काम १८० दिवसांहून अधिक असेल तर आल्यावर चौदा दिवसांच्या आत नोंदणीही करावी लागते. या व्हिसाने नोकरी करण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अशा जोडीदाराला परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड मिळू शकते. मात्र विवाहाची नोंदणी झालेली हवी, तो सलग दोन वर्षे टिकलेला हवा आणि सुरक्षाविषयक तपासणीही पार पडायला हवी. पूर्ण नागरिकत्वासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते. परकीयांविषयीचा १९४६ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला, परंतु दाराची चौकट तीच आहे.

आता दुसरीकडे पाहा. आईबाप व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीचा कायदा याच शासनाने २००७ साली केला. त्यानुसार मुलाने आईबापांना सांभाळलेच पाहिजे, आणि त्यांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे एका टेबलावर शासन मुलाला सांगते, आईला सोडशील तर गुन्हेगार ठरशील; दुसऱ्या टेबलावर सांगते, बायकोसाठी थांब. ही दोन टेबले एकमेकांशी बोलत नाहीत. अर्जात भारतात येण्याचे प्रयोजन विचारले जाते. मुलाने मला विचारले, "आईची सेवा असे लिहू का?" ज्याच्यामार्फत अर्ज भरला जात होता त्या गृहस्थाने हसून सांगितले, तसले काही लिहू नका, नवऱ्याकडे राहण्यासाठी एवढेच लिहा. तो चुकीचे सांगत नव्हता. सेवेला तिथे रकानाच नाही.

हे केवळ आपल्याकडेच होते असे मात्र कोणी समजू नये. आपल्या वसईची किती तरी मुले आज इंग्लंडात आहेत, त्यांच्या घरी याच गोष्टीची उलटी बाजू दिसते. तिथल्या नागरिकाला परदेशी पती वा पत्नी आणायची असेल तर किमान उत्पन्न दाखवावे लागते. २०१२ साली ही रक्कम वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांवर नेण्यात आली. आजारी बापाला सांभाळण्यासाठी ज्याने नोकरी सोडली त्याने एवढे उत्पन्न आणायचे कुठून? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली, मात्र मुलांच्या हिताकडे नियमांनी पुरेसे पाहिलेले नाही असेही बजावले. अर्थात वृद्धसेवेसाठी सरकारी भत्ता घेणाऱ्यांना त्या अटीतून सूट आहे, हे त्या कायद्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. त्याला निदान ही गोष्ट ठाऊक तरी आहे. पण तोच देश २०१२ पासून म्हाताऱ्या आईला मुलाकडे येऊन राहू देत नाही, जोवर तिला रोजच्या साध्या गोष्टींसाठीही दुसऱ्याचा हात लागत नाही आणि मुलाने पैसे पाठवूनही तो हात तिच्या देशात मिळण्याची सोय नाही असे सिद्ध होत नाही. आपल्या वाड्यांतून एकट्या राहणाऱ्या किती तरी माउल्यांच्या एकटेपणामागे असा एखादा नियम उभा असतो, आणि आपण मात्र मुलांना नावे ठेवून मोकळे होतो.

(कधी कधी नावे ठेवण्यासारखेही असते. व्हिसाची अडचण ही एक सोयीची सबबही झालेली आहे. अंत्यविधीला येता येत नाही असे कळवणाऱ्याला महिन्याभराने कुणाच्या तरी लग्नाला येता येते, हे मी पाहिले आहे. परंतु आज विषय तो नाही.)

शासनाला कागद मागण्याचा अधिकारच नाही असे म्हणणे सोपे आहे, पण ते मला म्हणता येणार नाही. मी स्वतःच कागद मागणारा माणूस आहे. लग्न ठरले की वधूवरांना मी स्नानसंस्काराचा दाखला आणायला सांगतो, ते विवाहास मोकळे असल्याचे पत्र त्यांच्या धर्मग्रामातून मागवतो, मिस्सेत घोषणा वाचतो. ही घोषणेची प्रथा १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने सर्वत्र लागू केली. पुढे १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने धर्मगुरू व दोन साक्षीदारांपुढे झालेले लग्नच लग्न, असे ठरवले. का? तर लपूनछपून लग्ने होत, मग पुरुष सरळ नाकबूल होई आणि स्त्री वाऱ्यावर पडे. नोंदवहीतील ती ओळ तिच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहते. म्हणून कागदाची मी हेटाळणी करणार नाही. खोटी लग्ने लावून माणसांचा व्यापार करणारे आजही आहेत. हे लग्न खरे काय, असे शासनाने विचारले तर तो त्याचा धर्मच आहे.

पण तो प्रश्न एकदा विचारून झाला आणि उत्तर मिळाले की पुढे काय? हे लग्न पुरेसे श्रीमंत आहे काय, पुरेसे जुने आहे काय, आमच्या सोयीचे आहे काय, हे प्रश्न वेगळ्या जातीचे आहेत. त्यांत विवाह ही शासनाने दिलेली सवलत ठरते. वस्तुतः कुटुंब शासनाच्या आधीचे आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील सोळाव्या कलमाने कुटुंबाला समाजाचा नैसर्गिक व मूलभूत घटक मानले आहे. व्हॅटिकनने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या कुटुंबाच्या हक्कांच्या सनदेत, स्थलांतरित कामगारांना आपले कुटुंब शक्य तितक्या लवकर एकत्र आलेले पाहण्याचा हक्क आहे असे म्हटले आहे. या दुसऱ्या वाक्यातील 'लवकर' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कार्यालयाचा काळ आणि खाटेवरच्या माणसाचा काळ एक नसतो. त्या मुलाच्या लग्नाला दोन वर्षे पुरी व्हायला अजून सात महिने आहेत. कायद्याच्या दृष्टीने सात महिने म्हणजे काहीच नाही. त्याच्या आईच्या दृष्टीने ते कदाचित सगळेच असतील.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा प्रश्न एका दाराच्या उदाहरणानेच मांडला आहे. वेढा पडलेल्या नगराचे दरवाजे बंद ठेवावेत असा कायदा आहे; नगराच्या रक्षणासाठी तो योग्यही आहे. पण नगरासाठी लढणारेच काही नागरिक, पाठीवर शत्रू घेऊन, वेशीपाशी आले तर? तेव्हा दरवाजा न उघडणे नगराच्याच घाताचे, म्हणून तो उघडला पाहिजे, कायद्याची अक्षरे काहीही म्हणोत. कारण कायदा करणाऱ्याच्या मनात नगराचे हित होते. मात्र कुणीही उठून अडसर काढावा असे ते म्हणत नाहीत. तो अधिकार अधिकाऱ्यांचा. अपवाद एकच: संकट इतके आकस्मिक असेल की वरिष्ठांना विचारायला वेळच नाही, तर ती निकडच परवानगी होते.

मला वाटते, आपल्या प्रश्नाचे मर्म इथे आहे. अर्धांगवायूचा झटका पूर्वसूचना देऊन येत नाही. अशा वेळी अर्जांच्या गठ्ठ्यातून एखादा अर्ज वर काढण्याचा अधिकार आणि मुभा टेबलामागच्या माणसाला असली पाहिजे, आणि ती वापरल्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये. ज्या कायद्यात अशी झडप ठेवलेली नाही तो वाईटच असतो असे नव्हे. तो अपुरा असतो, आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत नेहमी सर्वांत दुबळा माणूस मोजतो.

आता त्या अक्षराविषयी. मुलाच्या पारपत्रावर आडनावाच्या शेवटी 'एस' आहे. आमच्या जुन्या नोंदवहीतही 'एस'च आहे. लग्नासाठी त्याने स्नानसंस्काराचा दाखला मागवला तेव्हा आमच्या कचेरीत टंकलिखित करताना 'झेड' पडला. तोच लग्नाच्या दाखल्यावर उतरला. तिकडे कुणाला शंका आली नाही, कारण फिलिपिन्समध्ये स्पॅनिश राजवट १८९८ पर्यंत होती आणि तिथे ही आडनावे 'झेड'नेच लिहितात. पोर्तुगीज वसईतून १७३९ साली गेले, स्पॅनिश तिकडून गेले, त्यांची अक्षरे मात्र आमच्या लेकरांच्या वाटेत आडवी पडली आहेत! पण इतिहासाला दोष देऊन मी सुटणार नाही. त्या दाखल्यावर सही माझी आहे. ती मी न वाचता केली. रविवारची गडबड होती, पुढ्यात वीसएक कागद होते. दुरुस्तीचे पत्र, तिकडच्या चर्चचा नवा दाखला, त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब, यांत पाच महिने गेले. कार्यालयाच्या निष्काळजीपणावर मी प्रवचन करू शकतो, पण त्या घरी खाटेशेजारी उभा राहून नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. "नर्स आहे ना ती? मग आली की बरे होईल, म्हातारीची सोय होईल," असे शेजारीपाजारी म्हणतात. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. तरीही त्या वाक्यात ती स्त्री पत्नी उरत नाही, सूनही उरत नाही. बिनपगारी परिचारिका होते. रूथची कथा आपण अशाच घाईने वाचतो. परक्या सुनेने सासूची साथ सोडली नाही, एवढेच आपल्याला आठवते. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत घेऊ नये असा नियम अनुवादाच्या ग्रंथात आहे, आणि ही मवाबी विधवा बेथलेहेमच्या शेतांतून सरवा वेचून सासूला जगवते, पुढे दावीद राजाची पणजी होते. पण नाओमीने तिला काय सांगितले होते? माघारी जा, आपल्या आईच्या घरी जा, हेच पुनःपुन्हा. रूथ राहिली ती कुणी मागितले म्हणून नव्हे. शासनाने दार उघडावे असे आपण म्हणतो, तेव्हा आत आलेल्या स्त्रीसमोर घराने काय ठेवले आहे हेही पाहावे लागेल. कायद्याने तिचे इथले पाऊल नवऱ्याच्या आधारावर टेकलेले राहणार. लग्न मोडले तर तिचे ते कार्डही रद्द होऊ शकते. भाषा येत नाही, नोकरीची शाश्वती नाही, माहेर समुद्रापार. अशा स्त्रीकडून सेवा गृहीत धरणे ही देखील एक प्रकारची बंद वेस आहे.

हे मी त्या मुलाला आडून आडून सांगू लागलो तेव्हा तो म्हणाला, "फादर, तिला मी आईसाठी नाही बोलावत. मलाच ती हवी आहे. रात्री आई झोपली की घर फार मोठे होते."

दुरुस्त कागद आता पोहोचले आहेत, अर्ज पुन्हा दाखल झाला आहे. गेल्या पहिल्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा मुलगा आईची कूस बदलत होता आणि उशाशी टेकवलेल्या मोबाइलवर पत्नी त्याला सूचना देत होती. वर्षभर खाटेला खिळूनही त्या माउलीच्या पाठीला एकही जखम झालेली नाही, ते या शिकवणीमुळे. मोबाइल सारखा घसरत होता. तिला सासूची टाच नीट दिसेना. मी ख्रिस्तप्रसादाची डबी मेजावर ठेवली आणि मोबाइल हातात धरून खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. "थोडा खाली, फादर," ती म्हणाली, "अजून थोडा खाली."