विसावा कोणाचा?

वैशाख सरत आला की नागपूरकराच्या जिवाची काहिली होते. २३ मे २०१३ रोजी या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो दिवस अपवादाचा म्हणून सोडून दिला, तरी पंचेचाळीस अंशांचे आम्हाला नवल वाटत नाही. खिडक्यांत कूलरची घरघर, माठाशेजारी पन्ह्याचे भांडे, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि दुपारी ओस पडलेले रस्ते, अशी आमच्या उन्हाळ्याची ओळख आहे. नवतपा लागण्यापूर्वी चार दिवस कोठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन यावे, असे प्रत्येक कुटुंबाला वाटते. त्यात गैर काहीच नाही.

विदर्भात अशा वेळी पहिले नाव निघते ते चिखलदऱ्याचे. अमरावती, परतवाडा करीत सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा प्रवास झाला की गाडी मेळघाटाच्या वळणांना लागते. समुद्रसपाटीपासून नागपूर सुमारे ३१० मीटरवर आहे, तर चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. हवा वर चढताना प्रसरण पावते आणि निवत जाते. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, हा निसर्गाचा हिशेब. म्हणजे आपण सबंध दिवस प्रवास करून मिळवतो तो पाच-सहा अंशांचा दिलासा! तरीही गाविलगडाचा तट, कॉफीचे मळे, खोल दऱ्या आणि शक्कर तलावाचे शांत पाणी पाहिले की प्रवासाचा शीण उतरतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांना घेऊन आम्हीही तेथे गेलो होतो. तीन दिवसांचा मुक्काम होता. कार्यक्रम आम्हीच आखला होता: सकाळी मिस्सा, मग भटकंती, दुपारी खेळ, संध्याकाळी तलावाच्या काठी गाणी. वडील माणसे मुलांबरोबर पाण्यावर चपटे दगड उडवीत होती. जी पितापुत्रे घरी आठवडाभरात चार वाक्ये बोलत नाहीत, ती काठावर तासन्‌तास गप्पा मारीत बसलेली आम्ही पाहिली. सहल सफल झाली, असे समाधान मनात घेऊन आम्ही परतीच्या बसमध्ये चढलो.

धर्मग्रामाच्या सामुदायिक भोजनांचा स्वयंपाक वर्षानुवर्षे करणाऱ्या एक मावशी आमच्याबरोबर होत्या. घाट उतरताना शेजारी बसलेल्या एका लहान मुलीने त्यांना सहज विचारले, ‘‘मावशी, तुम्ही तलावात पाय बुडवले की नाही?’’ मावशी हसून म्हणाल्या, ‘‘कोनता तलाव व माय? मी त पाह्यलाच नाई.’’

त्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. तीन दिवस आम्ही त्यांच्या हातचे जेवलो, स्वयंपाकाची वाखाणणीही केली. पण उतरण्याच्या जागेपासून पायी जाण्याच्या अंतरावर असलेला तलाव त्यांनी पाहिला आहे की नाही, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. धर्मगुरूच्याही नाही.

यावर एक उत्तर तत्काळ सुचते. मावशींना कामासाठी नेले होते, कामाचे पैसे दिले होते. मग अन्याय कोठे झाला? आम्हीही प्रथम मनाची अशीच समजूत घातली. परंतु ती टिकेना. मजुरी श्रमाची भरपाई करते. विसाव्याची भरपाई तिने होत नाही. कदाचित मावशींनी स्वतःच म्हटले असते, ‘‘मले तलाव नाही पाहाचा, घडीभर झोपू द्या.’’ तो त्यांचा अधिकार होता. आमची चूक ही, की निवड करण्याची वेळच आम्ही त्यांच्यावर येऊ दिली नाही.

एकाच्या विसाव्यासाठी दुसऱ्याने जागे राहावे, ही रीत जुनी आहे. इंग्रजी अमलात मध्य प्रांताचा कारभार उन्हाळ्यात नागपूरहून पचमढीला जात असे. जे साहेब मैदानात मागे राहत, त्यांना झोप लागावी म्हणून दाराबाहेर बसून पंखेवाला रात्रभर दोरी ओढी. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल याने विसाव्याला फार उंच स्थान दिले. आपण काम करतो ते निवांतपणासाठी, असे तो मानी. पण तो निवांतपणा स्वतंत्र नागरिकाचा होता आणि दासांच्या श्रमांवर उभा होता. धोटे आपोआप विणू लागले तर धन्याला दासांची गरज उरणार नाही, असेही त्याने लिहून ठेवले आहे. आज धोटे आपोआप विणतात, कपडे यंत्रात धुतले जातात, चटणी यंत्रात वाटली जाते. तरी मावशी काही बसलेल्या नाहीत!

येथे शब्बाथाच्या आज्ञेचे वेगळेपण ध्यानात येते. आपण तिला ‘रविवारी मिस्साला जावे’ एवढ्या अर्थाने ओळखतो. परंतु अनुवादाच्या पुस्तकातील तिचे रूप वाचावे. धन्याबरोबर दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका या सर्वांना तेथे विसावा सांगितला आहे आणि त्याचे कारणही दिले आहे: तूही एकदा मिसर देशात दास होतास, याची आठवण ठेव. अ‍ॅरिस्टॉटलच्या विचारात दास हा विसाव्याचे साधन आहे. या आज्ञेत तो विसाव्याचा धनी आहे.

त्या यादीत एक गोष्ट मात्र खटकते. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरे, परका या सर्वांचा उल्लेख आहे. घरच्या गृहिणीचा नाही. ‘तू’ या शब्दात तीही आली, असा अर्थ लावला जातो आणि तो योग्यच आहे. पण आपल्या घरांतील सुट्ट्या पाहिल्या की वाटते, आपण त्या मौनाचा सोयीस्कर फायदा घेतला आहे. सहलीच्या आदल्या रात्री पुऱ्या कोण तळते? थंड हवेच्या ठिकाणी भाड्याच्या खोलीत पोहोचताच स्टोव्ह कोण पेटवते? परत आल्यावर धुण्याचा ढीग कोणाच्या वाट्याला येतो? वाचकांनी आपापल्या घरापुरते याचे प्रामाणिक उत्तर द्यावे.

विचार आणखी एक पायरी पुढे गेला. आमच्या सुट्टीचे दिवस हे मेळघाटातील कोरकू कुटुंबांचे सर्वांत कष्टाचे दिवस. मोहफुलांचा हंगाम संपतो न संपतो तोच तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होते. पहाटे रानात जायचे, पाने आणायची, दुपारी त्यांचे पुडे बांधायचे. पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या याच डोंगरांतील अनेक गावांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी बायकांची पायपीट चालते. आम्ही ज्या पाण्याकडे शोभा म्हणून पाहतो, ते काही मैलांवर कोणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्याचे ओझे असते.

मग सहली बंद कराव्यात काय? मुळीच नाही. पाहुण्यांवर तेथील चहावाल्याची, गाडीवाल्याची चूल पेटते. शिवाय दमलेल्या माणसाला विसावा नाकारणे हा धर्म नव्हे. संत मार्काच्या शुभवर्तमानातील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा प्रभूने स्वतः त्यांना एकांती विसाव्याला नेले. तारवातून सरोवर ओलांडले, तर लोक आधीच तेथे येऊन थांबलेले. प्रभूला त्यांचा कळवळा आला. संध्याकाळी ते सारे भुकेले लोक हिरव्या गवतावर बसले आणि विसाव्याला निघालेले शिष्य वाढपी झाले. विसावा रद्द झाला नाही. त्याची पंगत मोठी झाली. ज्याला कधी कोणी बसवले नव्हते, तो त्या दिवशी बसला.

तेव्हा विसाव्याची कसोटी किती दूर गेलो, किती खर्च केला ही नव्हे. आपण बसलो तेव्हा उभे कोण होते आणि त्यालाही बसण्याची पाळी आली की नाही, ही ती कसोटी. ती चिखलदऱ्यालाही लागू आहे आणि फुटाळ्याच्या काठावरील एका संध्याकाळीलाही. ज्या कुटुंबाला डोंगर परवडत नाही, त्याने फुटाळ्यावर जावे. मात्र त्या संध्याकाळी घरी स्वयंपाक नसावा, किंवा तो मुलांनी व त्यांच्या वडिलांनी मिळून केलेला असावा. खिचडी थोडी करपेल, एवढेच.

पुढील वर्षी आम्ही पुन्हा चिखलदऱ्याला गेलो. या वेळी स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या होत्या. धर्मगुरूच्या वाट्याला कांदे आले. मावशींना पाहुण्या म्हणून नेले आणि त्यांचे बुडालेले तीन दिवसांचे काम लक्षात घेऊन तेवढी रक्कम त्यांच्या हाती दिली. संध्याकाळी त्या शक्कर तलावाच्या काठी पाण्यात पाय सोडून बसल्या. अर्धा तास झाला नसेल, तोच पदर खोचून उठल्या व आमच्याकडे येऊन विचारू लागल्या, ‘‘फादर, तिकडं भाजी कोन चिरून राह्यलं?’’

आम्ही त्यांना पुन्हा बसायला सांगितले. त्या बसल्या, पण नजर चुलीच्या धुराकडेच होती. ज्याला जन्मभर कोणी विसावा दिला नाही, त्याला तो एका संध्याकाळी घेता येत नाही, हे आम्हाला तेव्हा उमगले. त्या सवयीला वर्षे लागली आहेत. ती सुटायलाही लागतील. म्हणून या उन्हाळ्यात सहलीची यादी करताना, वाचकहो, सामानाच्या आधी आपल्या घरातील त्या एका माणसाचे नाव लिहावे, ज्याने अद्याप तलाव पाहिलेला नाही.