आतड्यांवरचा जुना संशय

म्हातारचळ लागतो तो पोटामुळे, असं एका नोबेलविजेत्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छातीठोकपणे सांगितलं होतं. एली मेचनिकॉफ हे त्याचं नाव. जन्माने रशियन साम्राज्यातला, कर्मभूमी पॅरिसची पाश्चर इन्स्टिट्यूट. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्याला १९०८ चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्याची मांडणी अशी : मोठ्या आतड्यात अन्नाचा गाळ कुजतो, तिथले जिवाणू विष तयार करतात, ते रक्तात उतरतं, त्याने शरीरातल्या नाजूक पेशी दुबळ्या होतात. मग रक्षणासाठी असलेल्या भक्षक पेशीच या दुबळ्यांवर तुटून पडतात. त्यात मेंदूतल्या मज्जापेशीही आल्या.

आतडं, प्रतिकारशक्ती आणि मेंदू ही तिन्ही टोकं त्याने तेव्हाच एका साखळीत ओवली होती. पुरावा मात्र तुटपुंजा होता. तरी उपाय तयार होता : आंबवलेलं दूध. बल्गेरियातले शेतकरी ते पितात आणि दीर्घायुषी होतात, असं त्याचं म्हणणं. तो स्वतः ते नेमाने पीत असे; १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी वारला.

हे वाचून ‘आमच्या आयुर्वेदात हे आधीच आहे’ म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. अग्नी मंदावला की रोग, हा आपला जुना विचार आहे खरा. पण त्यात जिवाणूही नाहीत आणि भक्षक पेशीही नाहीत. मेचनिकॉफचं विधान प्रयोगाने खोटं पाडता येण्यासारखं होतं, आणि ही त्याची जमेची बाजू.

त्याच सुमारास, १९०६ मध्ये, आलोइस अल्झायमरने ट्युबिंगनच्या परिषदेत ऑगस्टे नावाच्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूतले गुंते आणि साके (प्लाक) वर्णन करून सांगितले. प्राग शहरात ऑस्कर फिशरही तेच साके पाहत होता. त्याला ते जिवाणूंच्या वसाहतीसारखे दिसले. त्याने जिवाणू वाढवून पाहण्याचा प्रयत्न केला, काही उगवलं नाही, आणि तो विषय तिथेच थांबला.

थांबला नाही तो हेन्री कॉटन. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथल्या मनोरुग्णालयाचा हा प्रमुख. म्युनिकमध्ये खुद्द अल्झायमरच्या हाताखाली शिकून आलेला. वेड म्हणजे शरीरात दडलेल्या संसर्गाचं विष, हे त्याने पक्कं धरलं. आधी रुग्णांचे दात उपटले, मग टॉन्सिल, आणि तरीही बरं वाटलं नाही तर मोठं आतडं. पेनिसिलीन यायच्या आधीचा हा काळ. आतड्याच्या शस्त्रक्रियेत शेकडा ३० रुग्ण दगावतात, हे त्याने स्वतःच कबूल केलं होतं, तरी बाहेर सांगताना ८५ टक्के रुग्ण बरे होतात असा त्याचा दावा असे. १९२० च्या दशकात फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टरने तपासणी केली तेव्हा दावे फोल ठरले. तिचा अहवाल दाबून ठेवण्यात आला. कॉटनवर इथे इतकं रेंगाळतो आहे, कारण एखादी कल्पना मागे का पडते याचं उत्तर पुष्कळदा प्रयोगशाळेबाहेर असतं. ट्रेंटननंतर आतड्यांचा मनाशी संबंध जोडणं जाणत्या डॉक्टरांना वैदूपणाचं वाटू लागलं असेल, तर त्यांना दोष देता येत नाही.

पुढे प्रतिकारशक्तीलाही मेंदूबाहेर काढण्यात आलं. पीटर मेडावरने १९४८ मध्ये दाखवलं की सशाच्या मेंदूत दुसऱ्या सशाची कातडी बसवली तर ती इतरत्र नाकारली जाते तशी चटकन नाकारली जात नाही. मेंदूत प्रतिकारशक्तीचा राबता नाही, असा त्याचा सरसकट अर्थ लावला गेला. वास्तविक पीओ देल रीओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्येच मेंदूतल्या स्वतंत्र भक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, ओळखून दाखवल्या होत्या. साक्यांभोवती जमलेल्या या पेशी खवळलेल्या आहेत, हे ठसायला १९८० चं दशक उजाडलं. कॅनडातल्या पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर या दांपत्याने ते लावून धरलं. संधिवाताच्या रुग्णांत अल्झायमर कमी दिसतो, कदाचित ते सूज उतरवणाऱ्या गोळ्या घेतात म्हणून, असंही त्यांनी सुचवलं. पुन्हा उपाय हाताशी आला. वृद्धांना नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब देऊन मोठी चाचणी सुरू झाली. हृदयविकाराच्या धास्तीने ती २००४ मध्ये थांबवावी लागली, आणि संरक्षण काही दिसलं नाही.

आतडं परत आलं ते निर्जंतुक उंदरांच्या वाटेने. फ्रायबर्गच्या मार्को प्रिन्झच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की ज्या उंदराच्या पोटात एकही जिवाणू नाही, त्याच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया अर्धकच्च्या राहतात. तंतुमय अन्न आंबवून जिवाणू जी लहान साखळीची मेदाम्लं बनवतात, ती पाण्यातून दिली की त्या पेशी बऱ्याच अंशी सुधारतात. माझ्या मते या कल्पनेच्या इतिहासातला खरा सांधा इथे बदलला. मेचनिकॉफला आतड्यात विषाचा कारखाना दिसला होता. इथे ते प्रतिकारपेशींची तालीम होऊन बसलं.

मग माणसांकडे मोर्चा वळला. २०१७ मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांना २५ अल्झायमर-रुग्णांच्या शौचात जिवाणूंचं वैविध्य कमी आणि बायफिडोबॅक्टेरियम घटलेले आढळले. पण रुग्णाचं खाणंपिणं बदललेलं असतं. कारण कोणतं नि परिणाम कोणता? शिवाय विस्कॉन्सिनचं पोट हे पुण्याचं पोट नव्हे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला या जिवाणूचं प्रमाण ठळक असल्याचं दाखवलं आहे. तिकडची यादी इथे तशीच लावून चालणार नाही. चीनने तर २०१९ मध्ये समुद्री शेवाळापासून केलेलं, आतड्यातले जिवाणू सुधारून काम करतं असं सांगितलेलं एक औषध अल्झायमरसाठी मंजूरही करून टाकलं. त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावर सोडून देण्यात आली.

सेंट लुईसमध्ये डेव्हिड हॉल्ट्झमन यांच्या गटाने २०२३ मध्ये केलेला प्रयोग मात्र दह्याचे डबे विकणाऱ्यांनी जरूर वाचावा. गुंत्यांतल्या टाऊ प्रथिनाने मेंदू झिजणारे, अंगात अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेला मानवी एपीओई जनुक घातलेले उंदीर निर्जंतुक वाढवले, तर त्यांचा मेंदू बराच वाचला. त्यांना तीच मेदाम्लं, जी फ्रायबर्गच्या उंदरांत हितकारक वाटली होती, दिली तेव्हा मायक्रोग्लिया खवळल्या आणि झीज वाढली. तेच रसायन निरोगी मेंदूत पेशींना पक्वता देतं आणि रोगाकडे कललेल्या मेंदूत त्यांना भडकवतं. दुसऱ्या एका तुकडीला जन्मानंतर दोन आठवड्यांनी थोडा काळ प्रतिजैविकं दिली. त्याचा फायदा नरांना झाला, तोही कोणता एपीओई जनुक आहे त्यानुसार कमी-जास्त. माद्यांना झाला नाही. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत.